यांच्या सिराहचे गुण

४ जानेवारी

हे घरी आले. आले म्हणजे आणले. चौघांनी स्ट्रेचर धरून जिना चढवला आणि समोरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त बाहेर काही येत नाही. डाव्या हाताने लिहून दाखवतील का म्हणून विचारलं तर म्हणाले, शब्द जिथे तयार होतात ती जागाच गेली. हो-नाहीचासुद्धा भरवसा धरू नका. आणि खरंच, चहा हवा का म्हटलं तरी मान हलते, नको का म्हटलं तरी तशीच हलते.

लेक इतके दिवस दवाखान्यात त्यांच्यापाशी राहिली. मला जाता आलं नाही. हे पडले तेव्हा अख्ख्या वर्षाची सिराह, काळ्या द्राक्षांची लाल वाइन, नुकतीच लाकडी पिंपांत गेली होती, तिला सोडून मी कुठे जाणार. माझे धाकटे दीर आहेत, पण भाऊजींचं काम माल पोचवायचं. पिंपाच्या जवळ गेले की त्यांना घाम फुटतो. म्हणून तळघर माझ्याकडे आलं. एरवी या घरात माझं काम एकच, नाक. हे वाइन करतात, मी वास घेते, चाखते, थुंकते आणि गुण देते. विसापैकी.

जाताना लेक म्हणाली, "आई, आतल्या आत कुढत बसशील. काहीतरी लिहीत जा रोज." कुढायला वेळ कुठे आहे, म्हटलं. तरी बसले आहे लिहायला.

आणखी एक. घराच्या दारातून आत घेताना यांनी चेहऱ्याची डावी बाजू अशी आवळली की मला वाटलं, कळ आली. सोबत आलेल्या नर्सने नाडी बघितली. काही नव्हतं.

७ जानेवारी

नर्स बरी आहे. तरुण आहे, हात हलका आहे, बडबड जरा जास्त. आज म्हणाली, "काकू, खाली काही औषध सांडलंय का? जिन्यात बँडेजचा डबा उघडल्यासारखा वास मारतोय." मी म्हटलं, "अगं, दवाखान्यातून आलीस ना, तुझ्या नाकात बसलाय तो. चार दिवसांत जाईल." ती हसली. आता ही मला वास शिकवणार.

यांची दाढी केली. गालाला दोनदा कापलं. बोलता येत असतं तर माझी चांगलीच खरडपट्टी निघाली असती.

११ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. पुढच्या हंगामाचं विचारलं तर जिन्यात थांबून चष्मा पुसत बसले. समजायचं ते समजले मी.

म्हणजे ही यांची शेवटची सिराह.

मला पाहायला हे पहिल्यांदा आमच्याकडे आले ते स्वतः केलेल्या पहिल्या वाइनची बाटली घेऊन. काका, मामा, शेजारी, झाडून सगळ्यांनी वा वा केली. मला विचारलं तर मी म्हटलं, "अजून महिनाभर थांबा, छान व्हिनेगर होईल." आईने खालून चिमटा काढला. हे उठले, बाटली मोरीत ओतून आले आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला. तेव्हापासून मी यांना कधी खोटे गुण दिले नाहीत आणि यांनी कधी मागितले नाहीत. आमच्यात प्रेमाबिमाचं बोलणं फारसं झालंच नाही. जे काय होतं ते हेच होतं.

दुपारी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "अहो, तयार झाली की मी चाखीन आणि जे असेल तेच सांगीन. आजारी आहात म्हणून दोन गुण जास्त मिळायचे नाहीत." त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडेनात.

१६ जानेवारी

आज भर घातली. लाकडातून वाइन थोडी थोडी उडत राहते, पिंप वरून रिकामं होतं, आणि पोकळी राहिली की आतला माल बिघडतो. म्हणून दर आठवड्याला एका पिंपातली काढून बाकीची काठोकाठ भरायची. भरीचं पिंप ओळीतून बाहेर काढून वेगळं ठेवायची यांची जुनी पद्धत. यंदाचं जिन्याखालच्या कोपऱ्यात आहे. हे पडले त्याच्या आदल्याच दिवशी त्यांनी ते एकट्याने ओढत तिथे नेलं, भाऊजींनी बघितलं. म्हणजे जाता जाता माझी सोय करून गेले. हिवाळाभर त्यातूनच काढते आहे मी. आज नळी लावताना हे आठवलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. मग उठून सगळी पिंपं भरली. एकही थेंब सांडला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण माझ्या हातून सांडतं असं हे नेहमी म्हणायचे.

२३ जानेवारी

पिंपवाला आला होता. पिंपं बांधायची, दुरुस्त करायची, जुनी उचलून न्यायची, हे त्याचं काम. म्हणाला, "साहेबांचा निरोप होता मागे, एक पिंप घेऊन जा म्हणून. मी गावाला गेलेलो, राहूनच गेलं. कुठलं न्यायचंय?" मी म्हटलं, "सगळी भरलेली आहेत हो. मागल्या वर्षीचं काहीतरी असेल." तो म्हणाला, असेल. चहा घेऊन गेला बिचारा.

वर जाऊन यांना सांगितलं तर नसता घोळ झाला. डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटायला लागले, तोंडातून घशातला आवाज काढायला लागले. मी पाणी दिलं, उशी बदलली, खिडकी लावली, पुन्हा उघडली. काही केल्या थांबेनात. शेवटी नर्सने झोपेचं औषध दिलं. त्यांना पिंपवाल्याला भेटायचं असणार. किती वर्षांची ओळख. मला सुचायला हवं होतं. पुढच्या वेळी त्याला वर घेऊन येईन.

५ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा चाखली. सगळ्या पिंपांतली थोडी थोडी काढून एक बाटली केली, बूच लावलं, तासभर ठेवली आणि मग स्वयंपाकघरात पांढरं कापड अंथरून बसले.

रंग गडद, जांभळ्याकडे झुकणारा. पेला तिरका केला तरी कडेला फिकेपणा नाही. नाकाला आधी मिरी, काळी मिरी नुकतीच कुटल्यासारखी, सिराहची खूण ती. मग पिकलेलं काळं फळ. त्यामागे थोडा धूर, थोडं चामडं. तोंडात भरीव, तुरटपणा बेताचा. गिळल्यावर शेवट जरा कल्हई गेलेल्या पातेल्यासारखा लागतो, पण तो बाटलीत बसेल. पुन्हा पुन्हा घेतली. कुठे नाव ठेवायला जागा आहे का, म्हणून मी खरंच शोधत होते.

सोळा. यांना मी आयुष्यात सोळा दिलेले नाहीत. फार तर पंधरा, तेही एकदाच, आणि त्या दिवशी हे शीळ घालत फिरले होते.

पेला घेऊन वर गेले. ओठ ओले करायला डॉक्टरांची परवानगी आहे. त्यांच्या डाव्या हातात पेला दिला, खालून माझा हात धरला. त्यांनी नाक घातलं, आत ओढून वास घेतला, डोळे मिटले आणि हात कलंडला. सगळी चादरीवर. नर्स धावली. मी म्हटलं, "असू दे गं, जोर राहिला नाही हातात." आणि यांना म्हटलं, "सोळा. ऐकलंत का, सोळा दिलेत मी."

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. डोळे भरून आले होते. मला इतकं बरं वाटलं, की चला, एवढं तरी सुख माझ्या हातून त्यांना मिळालं.

६ फेब्रुवारी

नर्स म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आता नाही येत तो वास." म्हटलं ना मी.

१५ फेब्रुवारी

लेक आली होती. आल्या आल्या भडाभडा सगळ्या खिडक्या उघडल्या, एवढ्या थंडीत. म्हणाली, घर कोंदट झालंय. मी म्हटलं, बाबांना सर्दी होईल, तर जिन्याचं दार लावून आली.

जेवताना मी बाटली उघडली. तिने एक घोट घेतला आणि पेला ताटामागे सरकवला. "का गं?" म्हटलं तर, "गाडी चालवायचीय." ती उद्या सकाळी जाणार आहे. बापाची शेवटची वाइन आहे, निदान पेला तरी संपवावा माणसाने. शहरात राहून माणसं अशी होतात का?

यांना मी तिच्यादेखत पुन्हा सांगितलं, "सोळा हं." तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. का ते कळलं नाही.

१२ मार्च

भाऊजींच्या उपस्थितीत शेवटची परीक्षा झाली. इथली रीत अशी: बाटलीवर मोजा चढवायचा, दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण लिहायचे, आणि कागद उलटे होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. भाऊजी माझ्या कागदाकडे कधी बघत नाहीत, पण माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांचेही सोळा निघाले. "वहिनी, तुमचं नाक म्हणजे प्रश्नच नाही," म्हणाले. उद्यापासून बाटल्या भरायच्या.

संध्याकाळी पेला वर नेला. या वेळी सगळा माझ्या अंगावर. आणि हात थरथरताना मला दिसला नाही. चिडले मी. म्हटलं, "आवडली नसेल तर तोंड फिरवा, सांडता कशाला? अख्खा हिवाळा खाली खपले आहे मी तुमच्यासाठी." त्यांनी मान हलवली. पण त्यांची मान कशालाही हलते. नंतर मलाच कसंतरी झालं. आजारी माणसावर ओरडले. पाय चेपत बसले तर पायही ओढून घेतला. डावा, चालतो तो.

१९ एप्रिल

शहरातल्या व्यापाऱ्याचा भाऊजींना फोन आला. आमच्याकडून कित्येक वर्षं माल घेणारा माणूस. म्हणाला, ही परत न्या. भाऊजी मला सांगायला तयार नव्हते, खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तबेल्यातून आल्यासारखी आहे म्हणतो, वहिनी. घोडा आणि बँडेज."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मीच फोन लावला. "तुमच्या नाकाचं काही बिनसलंय का?" म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, साहेब बरे असते तर त्यांनी ही बाटली बाहेर जाऊ दिली नसती." मी फोन आपटला. माणूस अंथरुणाला खिळला की जगाला लगेच त्याचं वाईट दिसायला लागतं.

२४ एप्रिल

दुसऱ्याही व्यापाऱ्याने परत पाठवली. तेच शब्द. दोघांनी संगनमत केलं असणार.

तरी मनात पाल चुकचुकली. माझंच नाक गेलं असेल तर? नर्सला बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधून घेतलं. कॉफी, साबण, मिरी, रॉकेल, लवंग, तिच्या केसांचं तेल, सगळं ओळखलं, एकही चुकलं नाही. तिने टाळ्या वाजवल्या. मग त्याच बाटलीतली पुन्हा चाखली. मिरी, फळ, धूर, चामडं. काही म्हणजे काही वाईट नाही.

म्हणजे नाक शाबूत आहे आणि लोक खोटारडे आहेत. यात मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून कितीतरी वेळ नुसती उभी होते. सगळी सिराह खाली बाटल्यांत पडून आहे आणि कुणालाच नको आहे. हे वर पडून आहेत. मला वाटतं, यांना कुणी सांगितलं नाही तरी कळलंय. आता मी खोलीत गेले की डोळे मिटून घेतात.

३० एप्रिल

आज गुण सांगायला गेलेच नाही. नुसती पलंगाजवळ बसले. त्यांनीही डोळे उघडले नाहीत. एवढ्या वर्षांत आम्ही भांडलो खूप, पण असं कधी बसलो नव्हतो. मी काय केलं, तेच कळत नाही. देवाशपथ कळत नाही.

६ मे

छातीत कफ भरला आणि ताप उतरेना, म्हणून यांना शहरातल्या दवाखान्यात हलवलं. या वेळी मी सोबत आले. भाऊजींना म्हटलं, बाटल्या भरून झाल्यात, आता मला कशासाठी थांबवता. लेकीच्या घरी राहते, तिथून दवाखाना चालत जाण्याजोगा आहे. तिचं घर लहानसं, पाचव्या मजल्यावर, साबणाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास. पहिल्या रात्री परक्यासारखं वाटलं. आपल्या घराचा वास नाही म्हणून झोप येईना.

२० मे

ताप चढतो, उतरतो. नळ्या लावल्या आहेत. दोन्ही वेळा जाते, हात धरून बसते. डॉक्टर "बघू" म्हणतात.

व्यापाऱ्याला सडेतोड उत्तर द्यायचं मनात घेतलंय. रंगापासून शेवटपर्यंत एकेक मुद्दा, शांतपणे. आणि ते उत्तर यांना वाचून दाखवणार आहे. निदान त्यांना कळेल की मी गप्प बसले नाही. भाऊजींना एक बाटली घेऊन यायला सांगितलंय.

२३ मे

अक्षर लागलं नाही तर नाही.

भाऊजी सकाळी बाटली देऊन गेले. लेक घरीच होती. तिच्या ओट्यावर पांढरं कापड घातलं, पेला धुऊन पुसला, बूच काढलं. पेला अजून टेबलावरच होता, मी नाकाशी नेलासुद्धा नव्हता.

आधी वाटलं, इथे कुणी जखम बांधलीय का. खरंच मागे वळून बघितलं मी. मग पेल्यात नाक घातलं. बँडेज. ओल्या घोड्याची पाठ. महिनोन्महिने न बदललेलं फडकं. मिरी कुठे नाही, फळ कुठे नाही. चूळ भरली, गच्चीत जाऊन उभी राहिले, परत आले, पुन्हा घेतला वास. तोच. घोट घेतला तर तोंडभर गंज, आणि तो जाईना. ज्याला मी चामडं म्हणत होते ते हे. पातेल्यासारखा शेवट म्हणत होते तो हा.

लाकडात शिरणारी कीड आहे ही, डोळ्यांना न दिसणारी. एका पिंपाला लागली की तिचा वास खोलीला लागतो, मग जिन्याला, मग घराला. आणि ज्या वासात माणूस राहतो तो त्याला येईनासा होतो. हे मी स्वतः आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना बजावत आले: आठ-पंधरा दिवस तळघराबाहेर काढा, तोवर स्वतःच्या मालाला गुण देऊ नका. हिवाळाभर मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कॉफी ओळखून टाळ्या घेत होते.

लेक दारात उभी होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"हो. फेब्रुवारीतच. घरात पाय ठेवल्या ठेवल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बाबांना सोळा सांगितलेस ना. मला वाटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून मुद्दाम सांगतेयस. म्हटलं, सांगू दे. तुझ्याकडून एवढं तरी गोड बोलणं..." आणि माझा चेहरा बघून ती थांबली. "आई, तुला खरंच येत नव्हता वास?"

मी पेला उचलला आणि मोरीत ओतला.

हे पण बाहेरून आले होते. दवाखान्यातून, स्वच्छ नाकाने. दारातच त्यांना कळलं होतं; पुढे त्यांनाही तो वास येईनासा झाला असला तरी ते विसरणार नव्हते. पेला त्यांच्या हातून कलंडला नव्हता, त्यांनी ओतला होता. जे बोलता येत नव्हतं ते त्यांनी माझ्यासमोर चादरीवर ओतून दाखवलं, आणि मी त्यांच्यावर वाकून सांगितलं, सोळा. एकदा नाही. अंघोळ घालताना, भरवताना, पाय चेपताना, सोळा, सोळा. या माणसाने माझ्याशी लग्न केलं ते मी खोटं बोलणार नाही म्हणून. आणि अंथरुणात पडून त्याने पाहिलं की ही आता मला खोटं सांगते आहे, मी मरणार म्हणून माझी कीव करते आहे.

दुपारी भाऊजींना फोन केला. विचारलं, "त्या दिवशी यांनी पिंप जिन्याखाली ओढत नेलं, तेव्हा काही म्हणाले होते का?"

भाऊजी म्हणाले, "मला म्हणाला, याला हात लावू नकोस. मला वाटलं, नेहमीसारखा खेकसतोय. मी कधी पिंपाला हात लावतो, वहिनी?"

त्यांनी ते भरीसाठी वेगळं ठेवलं नव्हतं. नासलं म्हणून वेगळं काढलं होतं, आणि पिंपवाल्याला तेच न्यायला बोलावलं होतं. एवढं एकच नासलं होतं. बाकी सगळी चांगली होती. त्यातली काढून काढून, दर आठवड्याला, एकही थेंब न सांडता, सगळ्यांत मी घातली. माझ्या हाताने.

भाऊजी विचारत होते, "काय झालं? बोला ना काहीतरी." मी म्हटलं, "सगळी ओतून टाका. बाटल्या, पिंपांतला गाळ, सगळं." ते म्हणाले, "अहो पण दादाची शेवटची..." मी म्हटलं, "दादाची नाही ती. माझी आहे."

संध्याकाळी दवाखान्यात गेले नाही. जाववेना. काय तोंडाने जाऊ. उद्या सकाळी उठून जाईन आणि पहिलं तेच सांगेन. ऐकतील. ऐकून रागावतील, आणि त्या रागाची आता मला कुणी भीती घालू नये, मला तो हवा आहे.

२४ मे

पहाटे दवाखान्यातून फोन आला. पुन्हा झटका आला, पहिल्यापेक्षा मोठा.

आम्ही पोचलो तर डोळे अर्धवट उघडे होते. मी समोर उभी राहिले, नजर माझ्यातून आरपार जात होती. डॉक्टरांना विचारलं, "ऐकू येतंय का त्यांना?" ते म्हणाले, "सांगता येत नाही. बहुतेक नाही. पण बोला तुम्ही, बोलायला हरकत नाही." काल संध्याकाळी ते जागे होते म्हणे. ड्यूटीवरच्या नर्सने सांगितलं, दाराकडे बघत होते.

२५ मे

आज लेकीला बाहेर बसायला सांगितलं. खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला घेतली आणि कानाशी वाकले.

म्हटलं, "अहो, चार. विसातले चार, आणि ते रंगाचे. ऐकताय ना? मी खोटं बोलत नव्हते. मला येतच नव्हता वास, खरंच येत नव्हता. घरातच अडकले होते. तुमची कीव नव्हती केली हो मी. कोपऱ्यातलं भरीचं समजले. तुमची चांगली झाली होती, मी नासवली. ओतून टाकायला सांगितली आहे सगळी."

हात हातात होता. काही हललं नाही. पापणीसुद्धा नाही. मशीनवरची रेघ होती तशीच चालली होती.

मी त्यांचं बोट दाबलं. म्हटलं, "शिव्या द्या. मनातल्या मनात द्या, मला चालतील." मग वाटलं, मी फार भराभर बोलले, सगळं एकदम टाकलं, आजारी माणसाला असं कसं समजेल. गुण असे सांगायचे नसतात. आधी रंग सांगायचा, मग वास, मग चव, आणि शेवटी आकडा. त्यांनीच लावलेली शिस्त आहे ती.

नर्स आली आणि म्हणाली, "बाई, भेटायची वेळ संपली." मी म्हटलं, "अजून सांगून झालेलं नाही," आणि खुर्ची आणखी पुढे ओढून रंगापासून पुन्हा सुरुवात केली.